तासिका एक, मुलं अठ्ठावन्न: पर्यावरण हाताने कसं शिकवायचं?

कोपरखैरण्यातल्या एका मराठी शाळेत सहावीला शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे. वर्गात ५८ मुलं, आठवड्याला पर्यावरणाची एक तासिका, तीही पस्तीस मिनिटांची. आवारात पेव्हर ब्लॉक, कुंपणालगत चार झाडं. गेल्या वर्षी वृक्षारोपण, प्रभातफेरी, पोस्टर स्पर्धा आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’चं प्रदर्शन, सगळं झालं. तरी मधल्या सुट्टीनंतर वेफर्सची पाकिटं मैदानात पडतातच. या वर्षी मुलांनी स्वतः करायचे, कमी खर्चाचे आणि मुख्याध्यापकांना धोक्याचे वाटणार नाहीत असे दहा-पंधरा उपक्रम त्यांना हवे आहेत.

ताई, यादी देणं अवघड नाही. पण गेल्या वर्षीचे तुमचे चारही उपक्रम एकेका दिवसात आटोपले होते. पंधरा केलेत तर पंधरा दिवस जातील, एवढाच फरक. मुलांनी रोप लावलं, फोटो काढला. पुढे त्या रोपाचं काय झालं हे वर्गातल्या किती जणांना सांगता येईल? माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. आपण केलेल्या गोष्टीचं काय झालं ते बघायला मूल परत परत गेलं, तरच त्याच्या डोक्यात प्रश्न उभे राहतात. शाळेच्या वेळापत्रकात नेमकी या परत जाण्यालाच जागा नसते. म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या शाळांसोबत मी काम करते, त्यांना एवढंच सांगते की दोन-तीनच गोष्टी धरा, शाळेत किंवा चालत जाता येईल अशा अंतरावरच्या, आणि त्या वर्षभर सोडू नका.

अर्थात हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. सकाळचं अधिवेशन असेल तर एक वेळ जमते, दुपारचं असेल तर दुसरी. गच्चीची किल्ली मिळते की नाही, सोबत दुसरे शिक्षक येतात की नाही, यावरही बरंच ठरतं. तिसरी-चौथीच्या मुलांना मी मोजमापं फार देत नाही, बघणं आणि चित्र काढणं पुरतं. सहावी मात्र मोजायला उत्तम. स्तंभालेख त्यांना गणितात आहेतच, फक्त पुस्तकातले आकडे कुणीतरी कल्पनेने घातलेले असतात.

जाता जाता ‘टाकाऊतून टिकाऊ’बद्दल एक. पाण्याची स्वच्छ रिकामी बाटली भंगारवाला घेतो, तिचं पुढे काहीतरी होतं. तीच कापून, गोंद लावून, चमकी चिकटवून पेनस्टँड केला की प्रदर्शनानंतर तो सरळ डंपिंगला जातो. मुलांना हे कळतं. त्यांना विचारून बघा, मागच्या वर्षीचे पेनस्टँड आता कुठे आहेत?

आता काय करायचं ते सांगते. नवी मुंबईतल्या शाळेसाठी माझी पहिली निवड पाऊस आणि भरती. सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं, म्हणून यावर जरा लांबलचक लिहिते.

शीतपेयाची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून तिच्याच तोंडात बसवा, की नरसाळं झालं. तळ वेडावाकडा असतो म्हणून खाली खडे टाका आणि खडे बुडून बाटलीचा सरळ भाग सुरू होईल इथपर्यंत पाणी भरा. ती शून्याची रेघ. तिथून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा करून चिकटपट्टी लावा. बाटली उघड्यावर ठेवायची, भिंतीपासून निदान भिंतीच्या उंचीच्या दुप्पट लांब. ते जमत नसेल तर गच्ची बरी, पण तिथे मुलांनी एकटं जायचं नाही, शिपाईकाका किंवा शिक्षक सोबत हवेत. हवामान विभाग सकाळी साडेआठला गेल्या २४ तासांचा पाऊस मोजतो. तुमची वेळ वेगळी असली तरी चालेल, पण रोज एकच हवी. मोजून झालं की पाणी ओतून पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणायचं.

पहिल्याच सोमवारी एक गोष्ट हमखास होते. रविवारी शाळा बंद होती म्हणून कुणीतरी रविवारच्या रकान्यात शून्य लिहितं. तिथे थांबा. पाऊस पडलाच नाही आणि आपण मोजलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोमवारचा आकडा दोन दिवसांचा मिळून आहे, तो तसाच लिहायचा आणि रविवारी ‘नोंद नाही’. या एका रकान्यावर पूर्ण तासिका गेली तरी जाऊ द्या. स्वतः नोंद ठेवल्याशिवाय हा फरक कळत नाही, मोठ्यांनाही.

मग गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. मुलांना गच्ची पावलांनी मोजू द्या. ३०० चौरस मीटरची गच्ची आणि ५० मिमी पाऊस म्हणजे १५ हजार लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर दीड टँकर पाणी एका दिवसात गच्चीवरून गटारात गेलं. हा हिशोब मुलं घरी जाऊन सांगतात, पोस्टरवरचं घोषवाक्य सांगत नाहीत. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला की हवामान विभाग त्याला जोरदार पाऊस म्हणतो, तेवढी रेघ बाटलीवर लाल रंगाने काढून ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. ती बाटली त्या दिवशी किती वेळा भरून वाहिली असती ते मुलांनी काढावं, आणि घरी आई-बाबांना, आजीला विचारावं की त्या दिवशी तुम्ही कुठे अडकला होतात. त्या चौकशीच्या वह्या वाचण्यासारख्या असतात.

दुसरा रकाना भरतीचा. पावसाळ्यात वर्तमानपत्रात भरतीची वेळ आणि उंची छापून येते, ती रोज एका मुलाने उतरवायची. शिवाय कोकण किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, जवळपास तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. वर्गात दिनदर्शिका टांगा, मुलांना आधी ठोकताळ्याने वेळ काढू द्या, मग छापलेल्या वेळेशी ताडू द्या. काही तिथींना वेळ बरी जुळते, पौर्णिमा-अमावास्येला तासाभराचा फरक पडतो. का पडतो? ठोकताळा तिथीमागे ४५ मिनिटं धरतो, भरती मात्र रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, आणि ही मिनिटं पंधरा तिथींत साचत जातात. ठाण्याकडे खाडी आत जाते तशी भरती किनाऱ्यापेक्षा थोडी उशिराच पोचते, ते वेगळंच. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा येतो, तो या मुलांना नवा वाटणार नाही.

इथे तुमच्या वर्गातली काही मुलं तुमच्यापेक्षा पुढे असतील. कोपरखैरणे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. उधाण (मोठी भरती) कशाला म्हणतात, भांग (छोटी भरती) कशाला म्हणतात, कोणत्या पाण्याला बोईट मासळी मिळते, हे कुणाच्या तरी आजोबांना तोंडपाठ असणार. आजोबांना वर्गात बोलवा, पण हार-श्रीफळाचा कार्यक्रम करू नका. मुलांनी आधी प्रश्न लिहून ठेवावेत आणि ते बसून उत्तरं देतील, एवढंच.

तिसरा रकाना: शाळेसमोरच्या रस्त्यावर पाणी साचलं का? कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कितव्या पायरीपर्यंत आलं? हे शाळेच्या दारातून किंवा खिडकीतून बघायचं. साचलेल्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही. लेप्टोस्पायरोसिसच्या आजाराचा धोका असतो आणि उघडं झाकण दिसत नाही. हे पालकांनाही लेखी कळवा.

तीन रकाने शेजारी शेजारी आले की जुलै-ऑगस्टपर्यंत कुणीतरी विचारतं, ‘बाई, मंगळवारी पाऊस जास्त होता, तरी पाणी गुरुवारी का तुंबलं?’ उत्तर दुसऱ्या रकान्यात असतं. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवला आहे. शहर आखताना सिडकोने डच पद्धतीने बांध आणि धारण तलाव ठेवले. पावसाचं पाणी नाल्यांतून धारण तलावात येतं आणि ओहोटीला खाडीत जातं. भरती आली की तलाव आणि खाडी यांमधली दारं मिटतात, म्हणजे खाडीचं पाणी आत शिरत नाही, पण शहराचं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. तेवढे तास पडेल तो पाऊस तलावाने पोटात घ्यायचा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी मुसळधार, असं जुळून आलं की काय होतं ते मुलांच्या वहीत दिसतं. पाऊस थांबल्यावर एकदा मुलांना जवळच्या धारण तलावाकाठी घेऊन जा आणि भरतीला व ओहोटीला पाणी कुठवर आहे ते बघू द्या. दोन वेळा जावं लागेल, एकदाच जाऊन काही कळत नाही.

तलावात गाळ साचतो, त्यात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवतात. गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवन तोडायला न्यायालयाची परवानगी लागते. गाळ काढावा की तिवरं राखावीत? यावर वर्गात वाद होऊ द्या. मी अशा वादात स्वतःचं मत शेवटपर्यंत सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका असा माझा आग्रह आहे. पर्यावरणाच्या तासाला मुलांना बाईंना हवं असलेलं उत्तर पाठ असतं. इथे तसं उत्तर नाही.

ऑक्टोबरनंतर पुरून बघण्याचा प्रयोग. पेव्हर ब्लॉकमुळे जमीन नाही, तर सहा कुंड्या घ्या. सगळ्यांत एकच माती, सारखं पाणी. एकीत केळ्याचं साल, मग वर्तमानपत्र, सुती कापडाचा तुकडा, चिकटपट्टी लावलेला पुठ्ठा, वेफर्सचं पाकीट आणि ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवी. पुरण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा: महिन्याने काय दिसेल, मार्चमध्ये काय उरेल. अंदाज सही करून वर्गात लावून ठेवायचा. हे मी कधीच टाळत नाही, कारण अंदाज लिहिला नाही की खणून काढल्यावर सगळेच म्हणतात, ‘मला माहीतच होतं.’

दर महिन्याला हलक्या हाताने माती बाजूला करून बघायचं, चित्र काढायचं, परत झाकायचं. हातमोजे किंवा नंतर साबण, दमा असलेल्या मुलांना तोंडाला रुमाल. ठाण्याच्या एका शाळेत पुठ्ठ्याची कुंडी उकरल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘पुठ्ठा गेला, पण पट्टी आहे तशीच आहे, आणि तिच्यावर पत्ता अजून वाचता येतोय.’ मग त्यांनी घरी आलेल्या खोक्यांच्या पट्ट्या सोलून पुठ्ठा वेगळा ठेवायचा उद्योग काढला. तो किती दिवस टिकला कोण जाणे. ‘कंपोस्टेबल’ पिशवी कुंडीत बहुतेक तशीच राहते आणि मुलं छापणाऱ्याला खोटारडा ठरवतात. तेव्हा सांगा की अशा पिशव्यांची चाचणी मोठ्या ढिगात मिळते तशा उष्णतेला, साधारण ५८ अंशांना होते. कुंडीत ती उष्णता कुठून येणार? वर्गातल्या बादलीत खत करायला मात्र मी सुरुवातीलाच सांगत नाही. ते जमतं, पण ओलं जास्त झालं की वास येतो, चिलटं होतात, आणि शिपाईकाका तिसऱ्या आठवड्यात बादली गेटबाहेर ठेवतात. करायचंच असेल तर डब्यातली फळांची सालं एक भाग आणि वाळकी पानं दोन-तीन भाग, आणि मूठभर दाबल्यावर एक-दोन थेंबच पडतील इतकाच ओलावा.

याच सुमारास चालत निसर्ग उद्यानात जा. कोपरखैरण्याची ही बाग जुन्या, बंद केलेल्या डंपिंग ग्राउंडवर केलेली आहे. कुंड्यांमध्ये काय उरतं ते बघितलेल्या मुलांना तिथल्या हिरवळीवर उभं करून विचारा, आपल्या पायाखाली काय असेल? त्यांची उत्तरं फळ्यावर लिहिण्यापेक्षा वहीत चित्रातून उतरवायला सांगा. मातीचा उभा छेद काढायचा, वरपासून खालपर्यंत.

वेफर्सच्या पाकिटांचं आता. ती गोळा करायला लावू नका, म्हणजे आधी लावू नका. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर एका गटाने आवाराच्या कच्च्या नकाशावर प्रत्येक पाकिटाच्या जागी ठिपका द्यायचा. चार-पाच शुक्रवारांनंतर ठिपके कुठे दाटतात ते दिसतं. मी पाहिलेल्या एका शाळेत ते जिन्याखाली आणि नळापाशी होते, आणि कचऱ्याचा एकमेव डबा शिक्षकांच्या खोलीबाहेर होता, जिथे कुठलंही मूल आपणहून फिरकत नाही. मुलांनी नकाशा घेऊन मुख्याध्यापकांकडे जाऊन डबा हलवून घेतला. त्यानंतर पाकिटं कमी झाली, संपली नाहीत. पर्यावरण शिकवलं की मुलं कचरा टाकणं बंद करतात, असं मी कुणाला सांगत नाही. डबा जवळ असणं आणि दुकानात काय विकायला ठेवलंय, याचा परिणाम शिकवण्यापेक्षा मोठा असतो. पाकिटात प्लॅस्टिकवर अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, म्हणून भंगारवालाही ते सहसा घेत नाही, हेही त्याच नकाशाशेजारी सांगून टाका.

खाडीची सहल जानेवारी-फेब्रुवारीत ठेवा, वर्षाच्या सुरुवातीला नको. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तुमच्याकडून जवळ. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. बोटीच्या फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात. तुमच्या मुलांना आता भरती काढता येते, तेव्हा कोणती तारीख बरी हे त्यांनीच सुचवावं. मग तुम्ही केंद्राशी बोलून नक्की करा. फ्लेमिंगो दिसले तर उत्तम, पण सहल त्यांच्यावर टांगून ठेवू नका. लांबवर गुलाबी रेघ दिसते, दहा मिनिटांत मुलं कंटाळतात. काठाला जास्त आहे. तिवराच्या पानाला जीभ लावून बघू द्या, पान न तोडता: खारट लागतं, कारण झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वसनमुळं एक फुटाच्या तारेच्या चौकटीत किती आहेत ते मोजा. कपड्यांच्या जुन्या हँगरची चौकट होते, ती काठावरून टेकवायची, चिखलात उतरायचं नाही. निवट्या (चिखलातली छोटी मासळी) पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारताना दिसल्या की सगळा वर्ग आपोआप गप्प होतो, वेगळी शिस्त लावावी लागत नाही.

ठाण्यातली कुणी शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर भरतीच्या जागी तलाव घ्या. वीस सेंटिमीटरची पांढरी-काळी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती किती खोलीला दिसेनाशी होते ते मोजायचं, त्यावरून पाणी किती गढूळ ते कळतं. मासुंदा असो वा कचराळी, कठड्याच्या आतून, मोठ्या माणसाने दोरी धरून. गणेशोत्सवाआधी आणि नंतर मोजा.

५८ मुलांचं कसं करायचं? सगळ्यांनी सगळं करायचं नाही. आठ गट करा, एका आठवड्यात दोन गट मोजतील, बाकीचे वहीत उतरवतील आणि शंका काढतील. पुढच्या आठवड्यात बदल. वही एकच, वर्गाची, जाड बांधणीची. प्रत्येकाच्या वेगळ्या वहीत नोंदी सुंदर होतात आणि खोट्याही, कारण शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या असतात. खाडाखोड रबराने पुसायची नाही, एक रेघ मारून बाजूला नवा आकडा. गुण द्यायचेच असतील तर नोंद किती नियमित आहे आणि प्रश्न किती विचारले यावर द्या, अंदाज बरोबर आला म्हणून देऊ नका. नाहीतर पुढच्या महिन्यात आकडे अंदाजाला जुळायला लागतील.

मुख्याध्यापकांना पर्यावरणाचं महत्त्व पटवायला बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलंय, तो मुद्दा त्यांना माहीत आहे. त्यांना हवं असतं ते एवढंच: मुलं कुठे जाणार, सोबत कोण, पालकांची संमती आहे का, आणि गणित-भूगोलाचा कोणता भाग यात होतो. एका पानावर हे लिहून न्या आणि पहिल्या भेटीत फक्त गच्चीची किल्ली मागा. सहलीचं नाव दिवाळीनंतर काढा, तोवर पावसाची वही दाखवायला तुमच्या हातात असेल.

खर्च म्हणाल तर बाटली, पट्टी, दोरी घरचीच, वही शंभराच्या आसपास, कुंड्या बहुतेक शाळांत मागच्या कुठल्यातरी कार्यक्रमाच्या पडून असतात. खरा खर्च ऐरोलीच्या बसचा. ती जमली नाही तर अडून बसू नका. धारण तलावाच्या काठालाही तिवर बहुधा सापडेल, आणि तिथे तुमची मुलं चालत जाऊ शकतात.